बघून लिहिलेले खेळ

“भाऊ, चेंडू मधात लागला का सरळ जाते, कडेला लागला का तिरपा जाते. असं काहून?”

सुलतानपूरला स्टँडजवळ माझं ऑनलाइन सेंटर आहे. दिवसभर सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि झेरॉक्स. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर पोरांसाठी मोकळा होतो. प्रश्न विचारणारा मुलगा सातवीतला. समोर मी लिहिलेला विटा फोडायचा गेम चालू होता. इतक्या वर्षांत किती पोरं तो खेळून गेली, पण हे विचारणारा हा पहिलाच. त्याला उत्तर देता देता जे बोलणं झालं, त्यातून हे पुस्तक लिहायला घेतलं.

त्या प्रश्नासाठी मीही एकेकाळी तीन रात्री जागलो होतो. शाळेत शिकवतात की आरशावर उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. डीएक्स-बॉल हा विटा फोडायचा गेम पहिल्यांदा स्वतः लिहायला बसलो, तेव्हा चेंडूलाही मी तोच नियम लावला. गेम चालला, विटा फुटल्या, आणि पाच मिनिटांत कंटाळा आला. चेंडू त्याच्या मर्जीने हिंडत होता आणि खालची फळी त्याला फक्त पडू देत नव्हती. नेम धरावा असं खेळणाऱ्याच्या हातात काही उरलंच नव्हतं. मग मूळ गेम लावून, वही मांडीवर घेऊन, चेंडू फळीवर कुठे टेकतो आणि तिथून कुठे जातो याच्या खुणा करत बसलो. तिसऱ्या रात्री उलगडा झाला. फळी म्हणजे सपाट आरसा नव्हे. तिच्या प्रत्येक भागाला स्वतःची दिशा आहे. मधे टेकला की वर, कडेला टेकला की तिरपा. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हा नियम सापडणार नाही, कारण कुणीतरी तो खेळणाऱ्याला नेम धरता यावा म्हणून मुद्दाम ठरवलेला आहे.

असे नियम शोधून काढायचे आणि स्वतःच्या हाताने पुन्हा लिहायचे, हा माझा छंद. जुन्या गेमचा रिमेक करतो म्हटलं की लोकांना वाटतं, हा बघून लिहितो. शाळेत बघून लिहिणं म्हणजे शेजारच्याची उत्तरं उतरवणं. पण इथे उतरवायला शेजाऱ्याची वही नसते. गेम आपल्याकडे येतो तो कॉम्प्युटरला कळणाऱ्या आकड्यांच्या रूपात. माणसाने लिहिलेला मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो बहुतेक वेळा कंपनीच्या कपाटात बंद असतो, नाहीतर हरवलेला असतो. आपल्याला फक्त पडदा दिसतो. दुसऱ्याच्या घरी वांग्याची भाजी खाल्ल्यावर यात कारळाचं कूट आहे हे जिभेवर ओळखायचं आणि घरी येऊन करून बघायची, तसं हे काम आहे. चव जुळली नाही तर पुन्हा.

आमच्या गावाजवळच लोणार आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा ज्या दगडाने पाडला, तो दगड आज तिथे कुणाला दाखवता येत नाही. खड्ड्याच्या तळाखालच्या बेसाल्टमध्ये प्रचंड दाबाने काचेसारखं झालेलं मास्केलिनाइट नावाचं द्रव्य सापडलं, त्यावरून १९७०च्या दशकात शास्त्रज्ञांनी ठामपणे सांगितलं की हे ज्वालामुखीचं काम नाही, वरून आघात झाला आहे. खूण बघायची आणि घडलं काय असेल ते सिद्ध करायचं. लहानपणापासून शाळेच्या सहलीत ऐकलेली ही गोष्ट गेम लिहिताना मला वारंवार आठवते.

नुसती वरवरची खूण बघितली तर कसं फसतो, त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण स्पेस इन्व्हेडर्स. जपानच्या ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली तो बनवला. परग्रहावरच्या प्राण्यांची फौज पाच रांगांत, प्रत्येक रांगेत ११, असे ५५ जण आडवे सरकत खाली उतरतात. एकेक मारत गेलो की उरलेल्यांचा वेग वाढतो आणि शेवटचा एक तर धावत सुटतो. छाती धडधडायला लागते ती तिथे. कुणीही म्हणेल, लिहिणाऱ्याने वेग वाढवण्याचा हिशोब घातला असणार. मीही तसाच घातला होता. फौजेचा वेग वाढला, पण गेम ओळखीचा वाटेना.

खरी गोष्ट अशी की त्या काळच्या यंत्राला ५५ चित्रं एका दमात हलवणं झेपत नव्हतं. पडद्यावर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतं, आणि प्रत्येक बदलात एकच प्राणी एक पाऊल सरकायचा. ५५ जिवंत असले तर सगळ्या फौजेचं एक पाऊल पुरं व्हायला जवळजवळ एक सेकंद. दहाच उरले तर सेकंदात सहा पावलं. एकच उरला तर तो प्रत्येक बदलात हलणार. यंत्राचा तोकडेपणा होता, निशिकादोंनी तो तसाच ठेवला, आणि तोच गेमचा जीव ठरला. आजच्या साध्या मोबाइललाही ५५ काय, ५५ हजार चित्रं जड नाहीत. म्हणून आज हा गेम पुन्हा लिहिणाऱ्याला तो तोकडेपणा मुद्दाम आणावा लागतो. मी वेगाचा सगळा हिशोब पुसला आणि एका वेळी एकच हलवायचा एवढी एक ओळ लिहिली. फौजेच्या कडेवरून वाऱ्याने गव्हाचं शेत हलावं तशी लाट गेली. त्या रात्री मी एकटाच सेंटरमध्ये होतो आणि मोठ्याने हसलो.

मूळ गेम चुकीसकट समजून घ्यायचा, असं मी पोरांना सांगतो. चूक दुरुस्त करायची घाई करू नये. ती कशाला टेकू देऊन उभी आहे ते आधी बघावं.

आता थोडं वंशावळीबद्दल. आपण मूळ म्हणतो तेही बहुतेक वेळा कुणाचा तरी रिमेकच असतो. डीएक्स-बॉल १९९६चा. तो अमिगा कॉम्प्युटरवरच्या मेगाबॉलवरून आला, मेगाबॉल १९८६च्या अर्कनॉइडवरून, आणि अर्कनॉइड अटारीच्या १९७६च्या ब्रेकआउटवरून. ब्रेकआउटचा पहिला नमुना स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी चार दिवसांत जुळवला, तोही एक ओळ प्रोग्राम न लिहिता, नुसत्या चिपा तारांनी जोडून. पुढे ॲपल-२ हा कॉम्प्युटर घडवताना त्यांना तोच गेम बेसिक भाषेत लिहून बघायचा होता. त्या कॉम्प्युटरला रंग, आवाज आणि फिरवायची खुंटी मिळाली त्यात या हौसेचा मोठा वाटा आहे. स्वतःच्याच खेळाचा रिमेक करण्यासाठी माणसाने कॉम्प्युटरच तसा घडवला!

आमच्या पिढीने कॉम्प्युटर क्लासमध्ये चोरून खेळलेल्या डेंजरस डेव्हचीही अशीच वंशावळ आहे. जॉन रोमेरो यांचा हा गेम १९८८चा, पीसीवर १९९०ला आला. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेतल्या सॉफ्टडिस्क कंपनीत जॉन कारमॅक आणि टॉम हॉल यांनी एका रात्रीत सुपर मारिओ ब्रदर्स ३चा पहिला टप्पा पीसीवर हुबेहूब उतरवला. नायक मात्र मारिओच्या जागी डेव्ह. सकाळी रोमेरोंच्या टेबलावर फ्लॉपी ठेवलेली होती. पीसीवर तेव्हा पडदा असा सुळकन सरकतच नसे. कारमॅक यांची युक्ती साधी होती. पडदा चौकटींत वाटायचा आणि ज्या चौकटी बदलल्या तेवढ्याच पुन्हा रंगवायच्या. निंटेंडोने या रिमेकला परवानगी दिली नाही, पण त्या रात्रीतून कमांडर कीन आणि पुढे डूम निघाला. टेट्रिसचंही तसंच. अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोत तो ज्या एलेक्ट्रोनिका-६० यंत्रावर लिहिला, त्याला चित्र काढताच येत नव्हतं, म्हणून ठोकळे कंसांच्या खुणांनी दाखवले होते. तो पीसीवर आणण्यात वादिम गेरासिमोव या १६ वर्षांच्या शाळकरी मुलाचा मोठा हात होता. जगाने पाहिलेला टेट्रिस या मुलाच्या हातून गेला. आमच्या पोरांना मी हे नाव पाठ करायला लावतो.

माझं स्वतःचं शिकणं मेहकरच्या एका क्लासमध्ये झालं. टर्बो सीचा निळा पडदा, ६४० बाय ४८० ठिपके आणि १६ रंग. भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, त्यामुळे प्रोग्राम आधी वहीत उतरवायची सवय लागली. एकदा एफ-२ दाबून साठवायचं राहून गेलं आणि दोन संध्याकाळींचा डेव्ह अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी आठवून आठवून लिहिला. तो पहिल्यापेक्षा लहान झाला, नीट झाला. उडीचा जो हिशोब पहिल्या वेळी चाळीस ओळींत पसरला होता तो पंधरा ओळींत बसला.

आठवून लिहिण्याची मोठी गोष्ट आपल्या भाषेतच घडलेली आहे, आणि तिचा धागा आमच्या भागातून जातो. लीळाचरित्रात लोणार येतं, मेहकर येतं. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्याने पाहिलं ऐकलं त्याला विचारून गोळा केल्या. तेराव्या शतकाच्या अखेरचं हे काम. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली. मग ज्यांना ती मुखोद्गत होती अशा हिराइसांसारख्या शिष्यांनी ती पुन्हा उभी केली. आज मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून आपण जो वाचतो तो असा पुन्हा उभा केलेला आहे. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की त्या मंडळींनी पाठांतले फरक लपवले नाहीत, कुणाच्या पाठात काय आहे याच्या नोंदी राखल्या. रिमेक करणाऱ्याने हाच धर्म पाळावा. जिथे मूळ कळलं नाही आणि पदरचं घातलं, तिथे तसं लिहून ठेवावं. या पुस्तकातल्या प्रोग्रामांत अशा ओळींपुढे ‘पदरचं’ असा शेरा आहे.

संगणकाच्या जगात हरवणं तर फारच लवकर होतं. जॉर्डन मेकनर यांनी प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९ साली ॲपल-२वर लिहिला. धावणं, उडी मारणं खरं वाटावं म्हणून धाकट्या भावाला पळायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक आकृती काढली. संगीत वडिलांचं. या गेमचा सोर्स कोड कित्येक वर्षं सापडत नव्हता. २०१२ साली वडिलांना घरातल्या कपाटात फ्लॉप्यांचं एक खोकं मिळालं, जाणकारांच्या मदतीने त्या वाचल्या गेल्या, आणि मेकनर यांनी तो मजकूर सगळ्यांसाठी खुला केला. वीसेक वर्षांत खुद्द लिहिणाऱ्याकडूनही गोष्ट हरवू शकते, हे त्यावरून कळावं.

त्या गेममधली एक जागा मला पोरांना दाखवायला फार आवडते. चौथ्या टप्प्यात राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि आरशातून त्याची छाया बाहेर पडते. ती पुढे त्याच्या वाटेत आडवी येत राहते. हे पात्र कथेत आधी ठरलेलं नव्हतं. ४८ के एवढी तुटपुंजी मेमरी भरत आली होती, नवीन शत्रूची चित्रं मावणार नव्हती. म्हणून मेकनर यांनी राजपुत्राचंच चित्र एक ठिपका सरकवून त्याच्यावरच ठेवलं आणि दोन्हीकडे सारखे असलेले ठिपके विझवले. उरली ती नुसती लुकलुकणारी कड. एका पैचीही मेमरी न खर्चता छाया जन्मली. हे पुस्तकात सातव्या धड्यात करून दाखवलं आहे. कागदावर चौकटी आखून, पेन्सिलीने, आधी हातानेच करा.

परवानगीचा प्रश्न पालक विचारतात, आणि विचारायलाच हवा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते. दुसऱ्याचा प्रोग्राम, चित्रं, संगीत उचलणं गुन्हा आहे. पण रीतसर घेतलेला प्रोग्राम वापरताना तो कसा चालतो हे बघणं, त्यामागची कल्पना आणि तत्त्वं समजून घेणं, याला १९९९च्या दुरुस्तीने कलम ५२मध्ये स्पष्ट मुभा आहे. कल्पना घ्या, रूप घेऊ नका, हा आमचा नियम. अमेरिकेत २०१२ साली टेट्रिससारखा हुबेहूब दिसणारा गेम काढणाऱ्या एका कंपनीविरुद्ध निकाल गेला तो रूप उचलल्यामुळे. म्हणून आमच्या सात गेमना आमची नावं आहेत: साप, विटा, परग्रही, ठोकळे, सुरुंग, उडी आणि किल्ला. चित्रं पोरांनी काढलेली आहेत. ठोकळ्यांच्या हौदाचं माप, रंग, सगळं वेगळं आहे. नीट सचोटीने वाढलेल्या रिमेकचा नमुना हवा असेल तर ओपनटीटीडी पाहावा. ख्रिस सॉयर यांचा ट्रान्सपोर्ट टायकून १९९४चा, बराचसा असेंब्ली भाषेत लिहिलेला. स्वीडनच्या लुडविग स्ट्रिगेउस यांनी त्याचं यंत्र उलगडून २००४ साली तो सी भाषेत नव्याने मांडला. सुरुवातीला मूळ गेमच्या फायली जवळ असल्याशिवाय तो चालत नसे. मग जगभरच्या हौशी लोकांनी चित्रं आणि आवाज नव्याने बनवले, आणि २०१०च्या १.० आवृत्तीपासून तो मूळ फायलींवाचून उभा राहिला. आणि प्रभाव घेऊन पूर्णपणे नवं काही करायचं असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी, २०२०चा, बघावा. त्यातल्या उड्यांत आणि भिंतीवरून धावण्यात प्रिन्स ऑफ पर्शिया ओळखू येतो.

पुस्तकात पहिला गेम साप ठेवला आहे. नोकिया ६११० मधून १९९७ साली तो घराघरांत गेला, त्यामुळे आईवडिलांनाही ठाऊक. सुट्टीच्या दिवशी मी पोरांना विचारलं, साप एक पाऊल पुढे गेला तर किती चौकटी बदलतात? सगळे म्हणाले, सगळ्याच. मग सेंटरपुढच्या मोकळ्या जागेत नऊ जणांना रांगेत उभं केलं. म्हटलं, बाकीच्यांनी हलायचं नाही, फक्त शेवटच्याने येऊन सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं. मग पुन्हा शेवटच्याने. रांग वळली, सरकली, पिंपळाखाली जाऊन पोचली, आणि प्रत्येक पावलाला एकच पोरगं चाललं होतं. प्रोग्राममध्ये हे बारा ओळींचं काम आहे. ज्यांनी ते पायांनी केलं त्यांना त्या बारा ओळी समजावून सांगाव्या लागल्या नाहीत.

एक अडचण मात्र आम्हाला मूळ लेखकांपेक्षा जास्त आली. जुन्या गेममध्ये प्रत्येक अक्षराला आठ बाय आठ ठिपक्यांची एक चौकट असते आणि अक्षरं एकामागे एक ठेवत जायची असतात. मराठी त्या चौकटीत बसत नाही. ‘शक्ती’ मधला क तला टेकतो, ‘र्‍हस्व’ वेलांटी मागून उच्चारली तरी आधी काढावी लागते, ‘वर्ग’चा रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, आणि वरून सगळ्यांना जोडणारी शिरोरेघ. गुण, टप्पा, शाब्बास, खेळ संपला, एवढे शब्द आम्ही अख्खेच्या अख्खे चित्र म्हणून काढले. नववीतल्या एका मुलीने ‘शाब्बास’ चौकटीच्या कागदावर आखायला पाच दिवस घेतले. जोड ब तिने ज्या तऱ्हेने बसवला आहे ते पान ३१वर बघाच.

पुस्तक वापरायची पद्धत एकच. धड्याच्या सुरुवातीला गेम अर्धा तास खेळा, वही जवळ ठेवा, आणि काय दिसतं ते लिहा. प्रोग्राम त्यानंतरच्या पानावर आहे. तो आधी बघितला तर बघायचं राहून जातं.

पहिल्या प्रश्नाच्या मुलाने हे सगळ्यांच्या आधी केलं. मी त्याला फळीचं उत्तर सांगितलं नाही, वही दिली. आठवड्याने त्याने आकृती आणून दाखवली. फळीचे सात भाग, प्रत्येकावर बाण. पण मधला भाग बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट रुंद काढला होता, आणि अगदी डाव्या टोकाला बारीक अक्षरात लिहिलं होतं: इथून कधी कधी लय आडवा जाते, उजवीकडून कधीच नाही. मला वाटलं, पट्टी न लावता काढलंय. सगळे भाग सारखे आहेत, मीच लिहिले आहेत, असं त्याला सांगितलंही.

रात्री प्रोग्राम उघडला. फळी ६४ ठिपक्यांची. मध्यापासूनचं अंतर उणे ३२ ते ३१, त्याला ८ने भागून दिशा काढलेली. सी भाषेत पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक टाकून देतात, आणि तो शून्याच्या बाजूला टाकतात. ७ भागिले ८ शून्य, तसं उणे ७ भागिले ८ सुद्धा शून्य. म्हणजे उणे ७ पासून ७ पर्यंतचे १५ ठिपके मधल्या भागात गेले होते आणि बाकीच्या भागांना आठ आठच मिळाले होते. डाव्या टोकाचा उणे ३२ हा एकटा ठिपका आठव्या, जास्त आडव्या दिशेला सुटत होता. उजव्या टोकाला त्याचा जोडीदार नव्हता. इतकी वर्षं तो प्रोग्राम माझ्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, तुझी आकृती बरोबर, माझा गेम चुकला. दुरुस्त करू का?

तो थोडा वेळ खेळत राहिला. मग म्हणाला, “डावीकडलं करा भाऊ. मधातलं राहू द्या, तिथं दम घेता येते.”

डावीकडचं केलं आहे. मधले १५ ठिपके तसेच आहेत, पुढे शेरा ‘पदरचं’, आणि त्याची आकृती पहिल्या पानावर छापली आहे.